रेसिडेन्सीचा मनोरा आणि तिरंग्याचा अर्थ

लखनौ : १३ ऑगस्ट १९४७च्या रात्री लखनौच्या रेसिडेन्सीच्या मनोऱ्यावरील युनियन जॅक कोणताही गाजावाजा न करता उतरवण्यात आला. पाठोपाठ ध्वजाची काठी काढण्यात आली आणि ती ज्या चौथऱ्यात उभी होती, तिथला खळगाही बुजवण्यात आला. त्या जागी दुसरा कोणताही ध्वज चढू नये, हा त्यामागचा उघड हेतू होता. उतरवलेला ध्वज सरसेनापती फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्याकडे आणि त्यांच्यामार्फत राजे सहावे जॉर्ज यांच्याकडे इंग्लंडला रवाना झाला. दोन दिवसांनी लखनौच्या सरकारी इमारतींवर तिरंगा चढला. रेसिडेन्सीच्या मनोऱ्यावर मात्र काठीच उरली नव्हती.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर या खटाटोपाला काहीच अर्थ नव्हता. खजिना, फौज, रेल्वे, तुरुंग, न्यायालये अशी राज्याची सारी अंगे हस्तांतरित होत असताना एका पडक्या इमारतीवरील खळगा बुजवण्याची गरज कोणाला वाटावी? पण राजकारणात प्रतीकांचा हिशेब वेगळा असतो. दिल्लीतही नेमका हाच हिशेब चालू होता. सत्तांतराच्या सोहळ्यात युनियन जॅक समारंभपूर्वक खाली उतरवण्याचा कार्यक्रम ब्रिटिशांच्या भावना दुखावू नयेत म्हणून गाळावा, ही माउंटबॅटन यांची सूचना नेहरूंनी मान्य केली होती. ध्वज चढवणे आणि उतरवणे यांत किती राजकारण भरलेले असते, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते.

तिरंग्यातील केशरी म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, पांढरा कशासाठी, हे प्रश्न दर १५ ऑगस्टला शाळाशाळांतून विचारले जातात आणि त्यांची ठरावीक उत्तरेही दिली जातात. ती उत्तरे कुठून आली, कोणी दिली आणि संविधान सभेने त्यांतील कोणती स्वीकारली, याचा शोध घेताना लखनौइतके उपयुक्त शहर दुसरे नाही. अवधच्या नवाबांची निशाणी, साम्राज्याचा ध्वज, स्वातंत्र्य चळवळीचा झेंडा आणि अलीकडच्या काळातील पक्षांचे रंग यांची उठाठेव या एका शहराने दीडशेहून अधिक वर्षे पाहिली आहे.

वेढ्यातून जन्मलेली दंतकथा

सूर्यास्ताला ध्वज उतरवावा, हा ब्रिटिश लष्कराचा शिरस्ता. रेसिडेन्सी हा त्याला अपवाद होता. १८५७च्या वेढ्याची स्मृती म्हणून येथील युनियन जॅक रात्रंदिवस फडकत ठेवला जाई. साम्राज्यात सूर्यास्तानंतरही न उतरणारा हा एकमेव ध्वज, अशी त्याची ख्याती होती. टेनिसनने १८७९ मध्ये लखनौच्या बचावावर कविता लिहिली आणि या ध्वजाची कीर्ती इंग्लंडच्या घराघरांत पोचवली.

इतिहासाच्या तारखा मात्र या कीर्तीला पूर्ण साथ देत नाहीत. ३० जून १८५७ रोजी चिनहटच्या लढाईत कंपनीच्या फौजेचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. मुख्य आयुक्त सर हेन्री लॉरेन्स ४ जुलैला मरण पावले. सप्टेंबरअखेर हॅवलॉक आणि औट्रम आत शिरले. पण तेही अडकले. नोव्हेंबरमध्ये सर कॉलिन कॅम्पबेल यांनी आतल्या लोकांची सुटका केली आणि रेसिडेन्सी रिकामी करून इंग्रज बाहेर पडले. त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, शहर बेगम हजरत महल यांच्या पक्षाच्या ताब्यात होते. राज्य त्यांचा अल्पवयीन मुलगा बिर्जिस कद्र याच्या नावाने चालत होते. त्या काळात रेसिडेन्सीवर ब्रिटिश ध्वज असणे शक्यच नव्हते. ‘१८५७ पासून कधीही न उतरलेला ध्वज’ या कथेत चार महिन्यांचे भगदाड आहे. ते कोणी बुजवायला गेले नाही आणि कथेचेही त्यावाचून काही अडले नाही. प्रतीक एकदा रुजले की ते स्वतःचा इतिहास स्वतःच लिहू लागते, याचा हा नमुना.

मासे आणि क्रूस

त्या मनोऱ्यावरील ध्वजाची घडणही पाहण्यासारखी आहे. युनियन जॅक म्हणजे तीन संतांचे क्रूस. इंग्लंडचा संत जॉर्ज आणि स्कॉटलंडचा संत अँड्र्यू यांचे क्रूस १६०६ मध्ये एकत्र आले आणि १८०१ मध्ये आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा क्रूस त्यात मिसळला. वेल्सला जागा मिळाली नाही, कारण तो प्रांत आधीच इंग्लंडमध्ये धरला गेला होता. राजांचे तह आणि कायदे यांचा हिशेब या ध्वजात मांडलेला आहे. प्रजेला काय वाटते, हा प्रश्न त्याच्या रचनेत कुठेही उद्भवत नाही.

लखनौच्या नवाबांची निशाणी होती मासा. बुऱ्हान-उल-मुल्क सादत खान अवधची सुभेदारी सांभाळायला येत असताना नदी ओलांडताना एक मासा उडी मारून त्याच्या मांडीवर पडला आणि तो शुभशकुन मानला गेला, अशी आख्यायिका आहे. मोगल दरबार मोठ्या सरदारांना बहाल करीत असलेला ‘माही मरातिब’ हा माशाच्या चिन्हाचा बहुमानही त्याच परंपरेतला. केसरबागेच्या दरवाजांवर आजही हे जोडमासे दिसतात. फेब्रुवारी १८५६ मध्ये वाजिद अली शाहचे राज्य खालसा झाले, पण मासे टिकले. ब्रिटिशांच्या संयुक्त प्रांताने ते आपल्या चिन्हात घेतले आणि स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेश सरकारनेही ते कायम ठेवले. या राज्यचिन्हात गंगा-यमुनेच्या संगमाच्या लाटा आहेत, रामाचे धनुष्यबाण आहेत आणि नवाबांचे जोडमासेही आहेत. सचिवालयात रोज फायली हाताळणाऱ्या कित्येकांच्या नजरेतून ही सोबत सुटत असेल. पण एका सत्तेची निशाणी दुसऱ्या सत्तेने पुसण्याऐवजी वापरात ठेवल्याचे हे बोलके उदाहरण आहे. रेसिडेन्सीच्या मनोऱ्यावर जे झाले, त्याच्या अगदी उलट.

रंगांची वाटणी

देशाचा स्वतःचा ध्वज असावा, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ धरू लागला, तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांपुढेही हाच पेच होता. सर्वांना सामावून घ्यायचे, पण कसे? मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत जो ध्वज फडकवला, त्यात कमळे होती, ‘वंदे मातरम्’ ही अक्षरे होती आणि सूर्य-चंद्रही होते. त्या घडणीचा एक ध्वज पुण्यात केसरीवाड्यात जतन केलेला आहे. १९१६ च्या लखनौ अधिवेशनात काँग्रेसमध्ये पुनःप्रवेश करून टिळकांनी मुस्लिम लीगशी करार घडवून आणला. पुढच्याच वर्षी टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा ध्वज पुढे आला. त्यात पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, चंद्रकोर आणि कोपऱ्यात युनियन जॅकही होता. वसाहतीचे स्वराज्य मागणाऱ्या काळाचे ते चित्र होते. लखनौ कराराने मतदारसंघांची वाटणी केली. या ध्वजात ती रंगांमध्ये उतरली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९२१ मध्ये पिंगळी वेंकय्या यांनी बेझवाड्याला गांधीजींना दाखवलेल्या आराखड्यावरून जो झेंडा साकारला, त्यातही हाच दृष्टिकोन होता. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्वांचा आणि त्यांवर चरखा. हेतू ऐक्याचा होता, पण मांडणी वाटणीची. वाटणी म्हटली की हिस्सा मागणारे येणारच. शीख नेत्यांनी आपल्या रंगाची मागणी केली आणि रंगांचा अर्थ समाजांवरून लावण्यातली अडचण उघडी पडली.

दरम्यान या झेंड्याला जनतेच्या त्यागाचे अधिष्ठान मिळाले ते नागपुरात. १ मे १९२३ रोजी मध्य प्रांताच्या राजधानीत सिव्हिल लाइन्स भागात झेंडा नेण्यास झालेली बंदी मोडण्यासाठी सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबा गेले, देशभरातून आलेल्या शेकडो स्वयंसेवकांनी शिक्षा भोगली. वल्लभभाई पटेलांनी पुढची सूत्रे हाती घेतली आणि १८ ऑगस्टला झेंडा त्याच भागातून मिरवत नेण्यात आला. त्या स्वयंसेवकांपैकी कोणी आपल्या वाट्याच्या रंगासाठी तुरुंगात गेला नव्हता. सत्याग्रहाने ध्वजाला जो अर्थ दिला, तो रंगांच्या मूळ वाटणीच्या फार पुढे गेलेला होता.

कराचीच्या काँग्रेस अधिवेशनानंतर १९३१ मध्ये नेमलेल्या सात जणांच्या ध्वज समितीने हे ओळखले. पटेल, मौलाना आझाद, नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या यांच्यासोबत काका कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर हे समितीत होते. समाजनिहाय अर्थ टाळण्यासाठी संपूर्ण केशरी रंगाचा आणि कोपऱ्यात चरखा असलेला ध्वज समितीने सुचवला. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने ती शिफारस नाकारली. केशरी, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग ठेवले, आणि या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे ठरावातच नमूद केले. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य, असे नवे अर्थ देण्यात आले. तांबड्याच्या जागी केशरी आला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे समाजांची जागा गुणांनी घेतली.

लखनौचा आक्षेप

ठराव करून अर्थ बदलतो का? लखनौचा १९३७ नंतरचा अनुभव ‘सहजासहजी नाही’ असे उत्तर देतो. जुलै १९३७ मध्ये गोविंद वल्लभ पंत संयुक्त प्रांताचे पंतप्रधान झाले. आपले पूर्वज महाराष्ट्रातून कुमाऊंला गेले, अशी पंतांच्या कुळाची परंपरा सांगते. काँग्रेसच्या हाती प्रांतांची सत्ता आल्यावर तिरंगा सार्वजनिक इमारतींवर दिसू लागला. पक्षाचा झेंडा हा राष्ट्राचा झेंडा कसा, असा प्रश्न लीगने उपस्थित केला. १९३८ च्या अखेरीस लीगच्या समितीने काँग्रेस राजवटींविरुद्ध तक्रारींचा जो अहवाल प्रसिद्ध केला, तो अवधमधल्याच पीरपूरच्या राजांच्या नावाने ओळखला जातो. त्या तक्रारींत ‘वंदे मातरम्’ होते आणि सरकारी व सार्वजनिक इमारतींवरचा काँग्रेसचा झेंडाही होता.

त्या वादात काँग्रेसचे म्हणणे खोटे नव्हते. रंगांचा अर्थ सहा वर्षांपूर्वीच बदललेला होता. पण लीगच्या शंकेलाही एक आधार होता. विरोधी बाकांवर बसलेल्यांना तो ध्वज सत्ताधारी पक्षाच्या सभांतून ओळखीचा झालेला होता. ध्वजाचा अर्थ ठरवताना रंगांइतकेच महत्त्व तो कोणाच्या हातात आहे याला असते, हा धडा लखनौने तेव्हाच दिला. राष्ट्रध्वज ठरवण्याची वेळ आली तेव्हा तो विसरणे परवडणारे नव्हते.

बावीस जुलैचा ठराव

जून १९४७ मध्ये संविधान सभेने राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वजासाठी समिती नेमली. आझाद, राजगोपालाचारी, मुन्शी, सरोजिनी नायडू आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिचे सदस्य होते. आंबेडकरांकडे मुंबईतील काही नेत्यांनी भगव्या ध्वजाचा आग्रह धरला होता, अशी नोंद त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. शिवकाळापासून भगव्याशी नाते असलेल्या महाराष्ट्रात अशी भावना असणे स्वाभाविक होते. समितीने मात्र लोकांनी चळवळीत वाहिलेला तिरंगाच पुढे ठेवला.

२२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी मांडलेला ठराव आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे समान आडवे पट्टे. मध्ये निळ्या रंगाचे चक्र. लांबी-रुंदीचे प्रमाण सामान्यतः तीनास दोन. रंगांची नावे आहेत, पण रंगांचे अर्थ ठरावात नाहीत. त्याग नाही, शांती नाही, समृद्धी नाही. अर्थ सांगितला आहे तो एकाच गोष्टीचा. हे चक्र चरख्याचे प्रतीक म्हणून असेल, असे ठराव सांगतो आणि त्याची घडण सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावरील चक्राची असेल, असेही. सारनाथ संयुक्त प्रांतातलेच. चरखा बदलण्यामागचे एक कारण नेहरूंनी सभागृहात सांगितले, ते अगदी व्यवहारी होते. ध्वजाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. चरख्याचे चाक एकीकडे आणि चाती दुसरीकडे असल्याने मागून चित्र उलटे होते. चक्र दोन्हींकडून सारखेच दिसते. गांधीजींना चरखा गेल्याचे प्रारंभी रुचले नाही, हेही खरे. ठरावातील ‘चरख्याचे प्रतीक’ हे शब्द त्यामुळे अधिक वजनदार ठरतात. ध्वजावर अधिकृतपणे एकच अर्थ कोरलेला आहे आणि तो हाताने काम करणाऱ्या माणसाचा आहे.

चर्चेत रंगांची विवेचने झाली. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केशरीत निःसंगता, पांढऱ्यात सत्याचा प्रकाश, हिरव्यात मातीशी आणि वनस्पतिसृष्टीशी असलेले नाते आणि चक्रात धर्माची व गतीची कल्पना पाहिली. १९३१ च्या ठरावात हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य होता. सोळा वर्षांत तो माती झाला. मध्य प्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत यांनी चक्रात स्वस्तिक असावे अशी उपसूचना आणली होती, ती त्यांनी मागे घेतली. रंगांकडे जातीय अर्थाने पाहू नये, असे नेहरूंनी स्पष्ट बजावले. पाठ्यपुस्तकांतील आजचे अर्थ या भाषणांतून आणि नंतरच्या सरकारी पुस्तिकांतून आलेले आहेत. सभागृहाने मतासाठी घेतलेल्या मजकुरात ते नव्हते. अर्थाची जागा मोकळी राहिल्यामुळेच कोणत्याही नागरिकाला, ‘यातला माझा पट्टा कोणता?’ असा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही.

प्रांत एक, ध्वज दोन

त्या दिवशी ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांत लखनौचे एक प्रमुख नेते होते. लखनौ नगरपालिकेचे अध्यक्षपद अनेक वर्षे भूषवलेले आणि संविधान सभेत लीगच्या सदस्यांचे नेतृत्व करणारे चौधरी खलिकुज्जमा. १९३७ मध्ये याच शहरात काँग्रेस आणि लीग यांच्या संयुक्त मंत्रिमंडळाची बोलणी त्यांच्याशी झाली आणि फिसकटली होती. पुढे झेंड्यावरून तक्रारी करणाऱ्या पक्षाचे ते नेते. तेच आता सांगत होते की, स्वतःला भारताचा नागरिक म्हणवणारा प्रत्येक जण, मग तो हिंदू असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती, या ध्वजाचा मान राखण्यासाठी वाटेल तो त्याग करील. काही महिन्यांतच खलिकुज्जमा पाकिस्तानात गेले आणि तेथे मुस्लिम लीगचे अध्यक्ष झाले. त्यांच्या शब्दांचे मोल त्यामुळे कमी होते का? व्यक्ती निघून गेली. पण त्यांनी ज्यांच्या वतीने शब्द दिला, त्यांतील बहुसंख्य लोक लखनौत आणि उत्तर प्रदेशातच राहिले. तो शब्द त्यांनी पाळला.

२२ जुलैनंतर तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेपुढे दुसरा ध्वज आला. तो मांडणारे लियाकत अली खान हेही संयुक्त प्रांताच्याच राजकारणातून पुढे आलेले. १९२६ मध्ये मुझफ्फरनगरमधून प्रांतिक कौन्सिलवर निवडून गेलेले. हा ध्वज कोणा एका पक्षाचा किंवा समाजाचा नाही, असे त्यांनीही सांगितले. पण लीगच्या हिरव्या झेंड्याच्या कडेला अल्पसंख्याकांसाठी पांढरा पट्टा जोडण्याची मूळ कल्पना वाटणीचीच होती. अल्पसंख्याकांच्या वतीने समिती नेमण्याची मागणी झाली, ती मान्य झाली नाही. एकाच प्रांतातील दोन नेत्यांनी एकाच महिन्यात घेतलेल्या या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे ध्वजाच्या रचनेतून राज्याची कल्पना कशी व्यक्त होते ते कळते. एका ध्वजात अल्पसंख्याकांसाठी जागा आखून दिलेली आहे. दुसऱ्यात जागा आखण्याचेच नाकारले आहे.

जगातही हे दोन्ही मार्ग दिसतात. आयर्लंडच्या ध्वजात हिरवा आणि नारिंगी हे दोन परंपरांचे रंग आहेत आणि मधला पांढरा त्यांच्यातील शांततेचा. १९९४ मध्ये वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने सहा रंगांचा ध्वज घेतला आणि रंगांना कोणताही सार्वत्रिक अर्थ जोडू नये, अशी अधिकृत भूमिका घेतली. ज्यांना फाळणीसारखी किंवा वर्णद्वेषासारखी जखम घेऊन पुढे जायचे होते, त्यांनी ध्वजाच्या अर्थाबाबत मौन पत्करले, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

सत्तेचे रंग

संविधान सभेने मोकळी सोडलेली ही जागा रोजच्या राजकारणाने मात्र मोकळी राहू दिली नाही. लखनौइतके त्याचे प्रात्यक्षिक क्वचितच कुठे पाहायला मिळेल. निळा झेंडा या शहरात आला त्याची मुळे महाराष्ट्रात आहेत. १९४२ मध्ये नागपुरात स्थापन झालेला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि त्यातून पुढे आलेला रिपब्लिकन पक्ष यांचा हा रंग. १९६२ च्या लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचे जे तीन खासदार निवडून आले, ते तिघेही उत्तर प्रदेशातून. पुण्यात नोकरी करीत असताना आंबेडकरी चळवळीत आलेल्या कांशीराम यांनी १९८४ मध्ये बहुजन समाज पक्ष स्थापन केला, आणि निळा रंग हत्तीसह लखनौच्या सत्तेपर्यंत पोचला. १९९२ मध्ये लखनौतच स्थापन झालेल्या समाजवादी पक्षाने लाल-हिरवा घेतला. भारतीय जनता पक्षाच्या झेंड्यात केशरीच्या बाजूला हिरवाही आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

पक्षांनी रंग निवडावेत, यात गैर काही नाही. प्रश्न येतो तो पक्षाचा रंग शासनाच्या अंगावर चढतो तेव्हा. मायावतींच्या काळात निळा, अखिलेश यादवांच्या काळात लाल-हिरवा आणि २०१७ नंतर केशरी, असे एसटीच्या बसगाड्यांचे रंग सरकारागणिक बदलत गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सचिवालयाच्या शास्त्री भवनाला केशरी रंग लागला. जानेवारी २०१८ मध्ये लखनौच्या हज हाउसची भिंत केशरी झाली, गदारोळ उठला आणि लगेच ती पूर्वरंगात आणण्यात आली; दोष कंत्राटदारावर ढकलला गेला. या साऱ्यांत गमतीचा भाग आहे, पण गंभीर भाग असा की प्रत्येक नवा रंग नागरिकाला नकळत एकच गोष्ट शिकवतो. ‘हा त्यांचा रंग, तो आपला.’ तिरंग्याकडे तसे पाहू नये म्हणून १९३१ आणि १९४७ मध्ये जो निग्रह दाखवला गेला, तो बसच्या पत्र्यावर आणि कार्यालयाच्या भिंतीवर रोज थोडा थोडा झिजतो. केशरी एका पक्षाचा आणि हिरवा एका समाजाचा, असे डोळ्यांना वळण लागले की तेच डोळे तिरंग्याकडे वळायला किती वेळ लागणार?

नागरिकाच्या हातातला ध्वज

ध्वज कोणाचा, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर बरेच उशिरा मिळाले. स्वातंत्र्यानंतर अनेक दशके सामान्य माणसाला ठरावीक राष्ट्रीय दिवसांखेरीज आपल्या घरावर तिरंगा लावता येत नसे. उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या न्यायालयीन लढ्यानंतर परिस्थिती पालटली. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वज संहिता अमलात आली आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. ध्वज लाखो घरांपर्यंत स्वस्तात पोचला, ही त्याची एक बाजू. खादीचे ध्वज तयार करणाऱ्या हुबळीजवळच्या बेंगेरीच्या आणि आपल्या नांदेडच्या संस्थांपुढे त्यामुळे प्रश्न उभा राहिला, ही दुसरी. ज्या ध्वजावर लिखित अर्थ एकट्या चरख्याचा आहे, त्याच्याच कापडातून चरखा बाहेर पडू शकतो, हा विरोधाभास धोरण आखणाऱ्यांनी दुर्लक्षण्यासारखा नाही.

जुलै २०२२ मध्ये संहितेत आणखी एक बदल झाला. उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर फडकवलेला तिरंगा आता सूर्यास्ताला उतरवण्याचे बंधन नाही. तो रात्रंदिवस फडकू शकतो. एकेकाळी साऱ्या साम्राज्यात जो मान एका मनोऱ्यापुरता राखून ठेवलेला होता, तो आता गोमतीकाठच्या कोणत्याही वस्तीतील दोन खोल्यांच्या घरालाही मिळतो. जनेश्वर मिश्र उद्यानातील दोनशे फुटांहून उंच ध्वजस्तंभ शहराच्या दूरच्या भागांतून दिसतो. पण या बदलाचे खरे माप त्या उंचीत नाही, गच्चीवरच्या बांबूत आहे.

रेसिडेन्सीचा ध्वज इंग्लंडला गेला त्याच सुमारास ध्वज समितीच्या एक सदस्य लखनौत दाखल होत होत्या. सरोजिनी नायडूंनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी संयुक्त प्रांताच्या राज्यपालपदाची सूत्रे हाती घेतली आणि २ मार्च १९४९ रोजी याच शहरात, राजभवनात, त्यांचे निधन झाले. २२ जुलैच्या चर्चेत शेवटचे भाषण त्यांचे होते. त्यानंतर सारे सभागृह उभे राहिले आणि ठराव एकमताने संमत झाला. उभे राहिलेल्यांत समित्यांमधून भांडलेले होते, उपसूचना मागे घेतलेले होते, आणि सीमेपलीकडे जाणारेही होते. सारे जण ज्या एका मजकुरावर एकत्र येऊ शकले, त्यात रंगांचा अर्थ सांगणारे एकही वाक्य नव्हते.

रेसिडेन्सी आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत, हिरवळीवर सहली बसतात. मनोऱ्याकडे बोट दाखवून वाटाडे न उतरणाऱ्या ध्वजाची गोष्ट सांगतात. चार महिन्यांच्या भगदाडाचा उल्लेख त्यांच्या गोष्टीत नसतो, बुजवलेल्या खळग्याचाही क्वचितच असतो. दर ऑगस्टमध्ये सचिवालयातून जोडमाशांच्या चिन्हाखाली परिपत्रक निघते : केशरी पट्टा वर असावा, ध्वज फाटका किंवा मळका नसावा, तो जमिनीला टेकू नये. केशरी म्हणजे कोण आणि हिरवा म्हणजे कोण, हे त्या परिपत्रकात कधी लिहावे लागलेले नाही. ते लिहावे लागू नये, ही जबाबदारी परिपत्रक काढणाऱ्यांची जितकी, तितकीच ते वाचणाऱ्यांची.